कुठल्या गावची गं तू?

मंगळवार, ११ डिसेंबर १९८४, निपाणी

बेळगावहून संध्याकाळी परत आलो. आप्पांच्या छातीतली गाठ अजून लहान आहे. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग सगळा काढला तर रोग समूळ जायची आशा जास्त. नुसता गाठीपुरता तुकडा काढला तर दम टिकेल, पण दुखणं उलटायची भीती. म्हणून दम बघायला डॉक्टरांनी आप्पांना बरोबर घेऊन दोन जिने चढवले.

मध्येच आप्पा थांबले. समोरून नर्स येत होती. "कुठल्या गावची गं तू?" ती लोंढ्याची निघाली. ती सांगत राहिली, आप्पा नुसतं "व्हय, व्हय". वर पोचल्यावर डॉक्टर म्हणाले, "गप्पा मारत चढले. दम चांगला आहे. वरचा भाग सगळा काढू."

दम लागला की आप्पा समोरच्याला गाव विचारतात, हे मला ठाऊक आहे, डॉक्टरांना नाही. सांगितलं तर तुकडाच काढतील. आणि रोग उरला तर? नाही सांगितलं, आणि मागं राहिलेला श्वास पुरला नाही तर?

घराच्या चढावर आप्पा पुन्हा थांबले. दारात गोदाक्का, आमची जुनी शेजारीण. "गोदाक्का, म्हायेर कुठलं गं तुझं?"

तिनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "नंदगड न्हवं का, आप्पा." मग आप्पांचा श्वास जाग्यावर येईपर्यंत एकेका भावाचं नाव सावकाश सांगत राहिली.

गोदाक्काला भाऊ एकच आहे.

उद्या डॉक्टरांना सांगायचं.