तळघरातली घरघर

९ जानेवारी १९८५, बुधवार

पुन्हा सुरू! आत्ता, हे लिहितानाच. आधी तळघरात 'धप्प', मग जिन्याचा कठडा थरथरतो, कपाटातल्या कपबश्या वाजतात आणि मग घर्रर्र— जणू खाली कुणी ट्रक चालू करून ठेवलाय. सोमवारी घर गरम ठेवणाऱ्या तेलाच्या बर्नरचं सर्व्हिसिंग झालं. त्याआधी घरात बर्नर आहे हेसुद्धा लक्षात राहायचं नाही. सर्व्हिसिंगने यंत्र सुधारतं ना? आमचं बिघडलं!

खाली जाऊन बघावं तर उजवा पाय प्लास्टरमध्ये. हॉस्पिटलच्याच पार्किंग लॉटमध्ये बर्फावरून घसरले. तळघराचा जिना अरुंद, उभा. कुबड्या घेऊन उतरणं म्हणजे दुसराही पाय मोडून घेणं. गाडी चालवता येत नाही. चारुदत्त न्यू जर्सीत, त्याचं प्रोजेक्ट संपेपर्यंत फक्त शनिवार-रविवार येणार. घरात मी आणि आई— त्याच्या आई. माझ्या सासूबाई.

दिवसभर दोघी समोरासमोर. मी एरवी रोज कुणाकुणाला भूल देते, आणि इथे मलाच कुणीतरी गुंगीत ठेवल्यासारखं झालंय.

१० जानेवारी

ऑइल कंपनीला फोन. तिथली बाई म्हणाली, "इट्स अॅन ओल्ड बर्नर, हनी. दे मेक नॉइज." मी डॉक्टर आहे हेही सांगून पाहिलं. त्याने काय होणार होतं कोण जाणे! सोमवारी माणूस पाठवते म्हणाली.

१२ जानेवारी, शनिवार

बर्फ. चारुदत्तचा फोन— हायवे बंद, येत नाही. त्याला रिसीव्हर तळघराच्या दाराशी धरून आवाज ऐकवला. म्हणाला, "कांचन, तुम्ही दोघी घरात बसून दुसरं काही करत नाही, म्हणून तेवढंच ऐकू येतं."

फोन आपटला नाही. आपटायला हवा होता.

मग आईंशी बोलला. आईंचं नेहमीसारखं— "हो रे. बरी आहे. हो. हो." रिसीव्हर ठेवून त्या खिडकीशी जाऊन बसल्या. खिडकीतून पांढरं सोडून काही दिसत नव्हतं. तरी तासभर बघत बसल्या. त्या तशा बसल्या की मला उगाच चिडायला होतं.

१४ जानेवारी, सोमवार

माणूस आला. बर्नर चालू केला— आणि मेला मांजरासारखा गुरगुरला! आवाजच नाही! हवेचं झाकण थोडं आणखी उघडून दिलंय म्हणाला. जाताना माझ्या प्लास्टरवर स्वतःचं नाव लिहून गेला, विचारून. भला माणूस आहे. पण माझ्याकडे चारुदत्तसारखंच बघत होता.

आज संक्रांत. आईंनी लाडू केले. गूळ नाही, ब्राउन शुगरचे. "तिळगूळ घे, गोड बोल," म्हणाल्या. दोघींना हसू आलं.

१५ जानेवारी

घर्रर्र.

१७ जानेवारी, गुरुवार

आज आम्ही दोघींनी छडा लावला. लावलाच!

सकाळी आईच म्हणाल्या, "मी उतरते. तू वरून सांग काय बघायचं ते." मी नको म्हणाले. त्या उतरल्यासुद्धा! स्वेटर, त्यावर चारुदत्तचं जुनं जॅकेट, नऊवारीचा ओचा वर खोचलेला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर पाय पसरून बसले. हातात टॉर्च, तो खाली पोचतही नव्हता.

"काय दिसतंय, आई?"

"अंधार!"

"दिव्याची दोरी ओढा."

मग दिसायला लागलं. आणि काय सांगतात त्या! मी पेशंटची हिस्ट्री घेते तसं एकेक विचारत गेले. धुराचा पाइप? "काळा पडलाय. त्याच्यावर एक गोल झडप आहे, ती आपली फडफडतेय." सारखी? "आवाज आला की फडफडते, थांबला की थांबते." वास? "रॉकेलचा. नाही, रॉकेल जळल्याचा." पुढे एक लहानसं झाकण असेल, त्यातून ज्योत दिसते का? लांबूनच बघा हं!

"कांचन, हा पंपाचा स्टोव्हच आहे ग! भडकलेला! पिवळा-लाल जाळ आहे, वर धूर सुटतोय. निळा नाहीच." मी म्हणाले, इथे निळा नसतोच, पण धूर नको. "मग याची पिन खराब आहे. भोक मोठं झालंय. जास्त तेल येतंय."

पिन नसते यात, नोझल असतं— पण म्हणजे तेच की! तेलाचा फवारा सोडणारं पितळी टोक. सर्व्हिसिंगला तेच बदलतात. जुनं कुठे टाकलं असेल? आईंनी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात हात घातला. काळे बोळे, फिल्टर, आणि तळाशी एक पितळी टोक. नव्याची रिकामी डबीही तिथेच. जुन्यावरचा आकडा चष्मा पुसून पुसून वाचला— पॉइंट पंच्याऐंशी. डबीवर? एक पॉइंट दहा. बर्नरच्या पत्र्यावर काय लिहिलंय? "पॉइंट पंच्याऐंशी!" ओरडल्याच त्या.

चुकीचं, मोठं नोझल बसवलंय. तेल जास्त, हवा कमी. म्हणून धक्के, म्हणून धूर!

वर आल्या तेव्हा नाकावर काजळी. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. इथे आल्यापासून तर नाहीच.

१८ जानेवारी

कंपनीला आकडे सांगितले. त्या बाईने लिहून घेतले. थंडीमुळे सगळ्यांचेच फोन येतायत, ज्यांच्याकडे हीट आहे ते थांबू शकतात. "यू हॅव हीट, डोंट यू, हनी?"

हो. हीट आहे!

१९ जानेवारी, शनिवार

चारुदत्त याही वेळी येत नाही. हवा आणखी बिघडणार म्हणतात. दारांच्या फटींना टॉवेल लावले, खिडक्यांना प्लास्टिक. आई म्हणाल्या, "डबाबंद झालो ग आपण."

माझं डोकं दुखतंय. घरात बसूनच दुखत असणार.

२० जानेवारी, रविवार

आईंना मळमळतंय. फ्लू असेल. माझंही डोकं अजून. बाहेर एवढी थंडी की नाकातला श्वास गोठेल. खाली घरघर चालूच, आता थांबतच नाही.

२२ जानेवारी, मंगळवार, हॉस्पिटल

हे लिहायचंच आहे.

काल सकाळी आई चहा करायला उठल्या आणि ओट्यापाशी खाली बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या, सावकाश, जणू तिथेच बसायचं होतं. मी विचारलं, आज वार कोणता? सांगता येईना. मी कुबड्या टाकून सरपटत गेले. त्यांच्या अंगात ताप अजिबात नाही. दोघींना एकदम डोकेदुखी, दोघींना मळमळ, आणि काजळीने भरलेला धुराचा पाइप! वर्षानुवर्षं मी माणसांच्या श्वासांवर नजर ठेवून आहे, आणि आमच्याच दोघींच्या श्वासात काय जातंय ते मला कळायला इतका वेळ लागला.

कार्बन मोनॉक्साइड.

जिन्याच्या तोंडाशी बर्नरचं लाल बटण आहे. भिंतीला धरून पोचले, बंद केलं. घरघर थांबली. स्वयंपाकघराचं दार उघडलं. थंडी अंगावर आली! आईंना दोन्ही हातांनी ओढत दारापर्यंत नेलं. माझ्या पायाचं काय झालं तेव्हा कळलंच नाही. फोनची वायर लांब, तेवढं नशीब. फायर ब्रिगेड आली, ऑक्सिजन लावला. त्यांच्या मीटरचा काटा बघून एक जण नुसता "जीझस" म्हणाला.

त्यांच्यातल्या एका उंच माणसाने आईंना विचारलं, "इज धिस युअर होम, मॅम?" मास्क बाजूला करून आई म्हणाल्या, "नो. नो."

मला वाटलं, अजून भ्रमात आहेत.

२५ जानेवारी, शुक्रवार

घरी. दोघीही ठीक. कंपनीचा मोठा साहेब स्वतः आला. योग्य नोझल बसवलं, बॉयलर उघडून खराट्याने पाटीभर काजळी काढली. बर्नर आता ऐकूच येत नाही.

चारुदत्त मंगळवारी विमानाने आला होता, आज परत गेला. रडला माझ्यापाशी. मग आईंसमोर म्हणाला, "बघ, अमरावतीला एकटी असतीस आणि असं काही झालं असतं तर? तू इथे आहेस हेच बरं."

मी मनात म्हटलं— अमरावतीला बर्नर असतो का रे?

आई म्हणाल्या, "हो रे."

२७ जानेवारी, रविवार

दुपारी आई खिडकीशी. आज मला चिडायला झालं नाही. कुबड्या घेऊन शेजारी जाऊन बसले. म्हटलं, आई, मला या घराचा वीट आलाय. कधी एकदा गाडी काढते असं झालंय. तुम्हाला नाही कंटाळा येत?

त्या बाहेरच बघत होत्या. म्हणाल्या, "तुझं प्लास्टर निघेल ग."

एवढंच. मग आपणहून— "मी सहा महिन्यांसाठी आले होते. तो म्हणतो, तिकडे आता कोण आहे तुझं. मी शाळेत शिकवलेल्या मुली येतात, त्यांच्या मुली येतात. संध्याकाळी शेजारच्या बेंबळकर बाई आणि मी अंबादेवीच्या देवळापर्यंत चालत जातो. पायी! कुणाला 'सोडता का' विचारावं लागत नाही. हे त्याला 'कुणी नाही' वाटतं."

"तुम्ही त्याला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. दोनदा. त्याचे डोळे भरून येतात ग. मग मी 'हो' म्हणते."

मला तीन आठवड्यांत भिंती खायला उठल्या. या बाईने दुसरा हिवाळा काढलाय इथे, आणि मी त्यांना 'खिडकीशी बसतात' म्हणून चिडत होते.

२९ जानेवारी

माझ्या मैत्रिणीचा, लतिकाचा फोन आला. तिच्याशी बराच वेळ बोलले. दार लावून.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

आईंचं विमान सुटलं. मुंबईला भाचा घ्यायला येतोय, पुढे अमरावती. आईंनी ठरवलं, लतिकाने तिकीट काढलं आणि आज गाडीने आम्हाला बॉस्टनपर्यंत आणलं. आईंनी विमानतळावरच्या बूथमधून चारुदत्तला स्वतः फोन लावला— "मी घरी चालले रे." परवानगी मागितली नाही. तो काहीतरी बोलत होता. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं, "नाही रे" म्हणाल्या, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि चालू लागल्या.