ड्रमवाला पोरगा

४ जानेवारी
मिळाला! ड्रमवाल्या पोराचा रोल मला मिळाला!!
नाटक अमेरिकेतल्या, दीडशे वर्षांहून जुन्या यादवी युद्धाचं. नुसरत मॅडम आम्हाला इतिहास शिकवतात, त्यांनीच लिहिलंय. म्हणाल्या, दहा-बारा वर्षांची पोरं वय खोटं सांगून सैन्यात जायची. बंदूक नाही, गळ्यात ड्रम. उठा, जेवा, पुढे चला — सगळे हुकूम ड्रमवर!
आणि मुख्य म्हणजे एकही डायलॉग नाही. चिपळूण सोडून इथे आखातात आल्यापासून मी इंग्लिश बोलायला तोंड उघडलं की वर्ग हसतो. आता फक्त वाजवायचं!

५ जानेवारी
आई सलमानिया हॉस्पिटलमधून ड्युटी करून आली. "पोराचं काम? केस कापायचे नाहीत हां, कस्तुरी!"
टोपीत कोंबीन म्हटलं.

८ जानेवारी
जमत नाही. "पुढे चला" वाजवताना हात अडखळतो. मॅडम म्हणाल्या, "अगं, सैन्य पडेल ना खड्ड्यात!"
मागच्या बाकावर लतीफ बसतो. येमेनचा, यंदाच आलाय, कुणाशी बोलत नाही. मधल्या सुट्टीत तो माझ्या बाकाशी आला आणि बोटांनी तोच ठेका वाजवला. इतका साफ!
"कुठे शिकलास?"
"गावी. लग्नांत वाजवायचो."
मी काठ्या पुढे केल्या, तर त्याने हात खिशात घातले.

१२ जानेवारी
लतीफ रोज शिकवतो. फक्त बाकावर, बोटांनी. "यल्ला, मनगट सैल सोड!"
आज जमलं!!! जुनैद आमचा कॅप्टन, त्याच्यामागे वीस जण. मी ठेका धरला नि सगळ्यांचे पाय एकदम पडायला लागले. माझ्या दोन हातांवर वीस माणसं चालतात! अंगावर काटा आला.

१३ जानेवारी
घरी बिस्किटांच्या डब्यावर प्रॅक्टिस. खालच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन वर आले. बाबा म्हणाले, "काय करू? सैन्य निघालंय!"

१५ जानेवारी
झालं! काय झालं म्हणून सांगू!
शेवटी पोरगा वाजवत पुढे, सैन्य मागे — अख्खा हॉल उभा! टाळ्यांत मला माझाच ड्रम ऐकू येईना. बाबा सलमाबादच्या वर्कशॉपमधून अर्धी रजा टाकून आले होते, त्यांनी चक्क शिट्टी मारली! आई रडली. पुढच्या गुरुवारी परत प्रयोग, बाहेरच्या पाहुण्यांसाठी!!
लतीफ मात्र दिसला नाही. शुक्र-शनि सुट्टी, रविवारी शाळेत जाब विचारणार आहे.

१८ जानेवारी
विचारलं.
म्हणाला, "गावात ट्रक आला होता. लढायला पोरं न्यायला. मला म्हणाले, जोरात वाजव. मी वाजवलं. माझा भाऊ नाचत नाचत ट्रकवर चढला. अकरा वर्षांचा होता."
"परत आला?"
"मफी. नाही. कुणीच नाही आलं."
मग म्हणाला, "तू फार छान वाजवायला लागलीस, कस्तुरी. म्हणून आलो नाही."
मॅडमना सांगून आले. गुरुवारी मी वाजवणार नाही.