पेटीत फक्त खुर्च्या होत्या

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरलेली असल्यामुळे मनातल्या मनात वाकलो आहे, तो पुरा नमस्कार धरावा.) तुमचा खोकला कमी झाला असेल, वहिनींचे गुडघे त्यांना जिना चढू देत असतील आणि कारखान्यात भुशाखेरीज दुसरं काही उडत नसेल, अशी आशा आहे. मी खुशाल आहे. तुम्ही पाठवलेल्या चाळीस खुर्च्याही सगळ्या पोचल्या, एकही हरवली नाही. त्या कशा पोचल्या ते सांगायला हे पत्र. जरा लांबेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

लोखंडी पेट्या मोजायला माणसाला पगार कशाला लागतो, असं तुम्ही मागे जेवताना सगळ्यांदेखत विचारलं होतंत. तेव्हा तोंडात घास होता, आता उत्तर देतो. आपला माल ट्रकातून उतरवून वॅगनमध्ये भरतात, वॅगनमधून उतरवून जहाजात भरतात, आणि दर खेपेला त्यातलं काहीतरी फुटतं किंवा कुणाच्या तरी घरी जातं. कंटेनर आले तरी हे थांबलं नाही, कारण प्रत्येक खात्याची पेटी वेगळी. सडकवाल्यांची पेटी वॅगनवर बसत नाही, रेल्वेवाल्यांच्या पेटीला गोदीच्या क्रेनचे आकडे लागत नाहीत. तीन तिघाडा, काम बिघाडा. म्हणून एकाच मापाची पेटी ठरवायला समिती बसली आणि मी त्या समितीचा कारकून झालो. पेटीच्या कोपऱ्यांना भोकं असतात, त्यांत आकडे अडकवून ती उचलतात. दोन भोकांमधलं अंतर किती, यावर पहिल्याच बैठकीत तिन्ही खात्यांचं एकमत झालं आणि सगळे हात मिळवून घरी गेले. मग सडकवाल्यांनी ते अंतर भोकाच्या मध्यापासून मोजलं, रेल्वेवाल्यांनी आतल्या कडेपासून आणि गोदीवाल्यांनी बाहेरच्या. हे निस्तरायला मी नेमक्या मापाचा एक लोखंडी फर्मा करवून घेतला आणि तो खांद्यावर टाकून तिन्ही यार्डांत हिंडलो. पगार त्याचा मिळतो, दादा.

तर या पेटीची परवा अखेरची चाचणी होती. माल भरायचा, दाराला सील लावायचं, पेटी ट्रकवरून वॅगनवर आणि वॅगनवरून जहाजावर न्यायची. मध्ये सील तुटता कामा नये आणि माल मोडता कामा नये. चाचणी पास झाली तर मी कायम होणार आणि यार्डामागची दोन खोल्यांची जागा मला मिळणार. नापास झाली तर तिन्ही खाती आपापल्या पेट्या घेऊन मोकळी, आणि मीही मोकळा. तुमची बहीण आणि आमची चिमी तुमच्याकडे राहतात याचं तुम्ही कधी ओझं मानलं नाहीत, हे मी विसरणार नाही. पण मागच्या खेपेला चिमीनं मला पाणी आणून दिलं आणि काका म्हणाली. सगळे हसले, मीही हसलो. परतीच्या वाटेवर मात्र मला फार वाईट वाटलं. माल म्हणून तुमच्या खुर्च्या मागवल्या त्याही याच धास्तीपोटी. आजवर आपल्याकडची एकही खुर्ची परत आलेली नाही, हे तुमचं वाक्य मी भर बैठकीत छाती पुढे काढून म्हटलं होतं.

चाचणीच्या सकाळी खुर्च्या भरून झाल्या. एकात एक रचलेल्या, दोरांनी आवळलेल्या. वरच्या रांगेतल्या एका खुर्चीचा दोर मला ढिला वाटला म्हणून मी पार आतल्या टोकाला जाऊन वर चढलो. (इतरांची कामं स्वतः करायला जाऊ नये, असं तुमची बहीण नेहमी सांगते.) तेवढ्यात समितीचे मोठे साहेब ठरल्या वेळेआधी येऊन ठेपले. त्यांना पाहून सीलवाल्याची धांदल उडाली, त्यानं दार ओढलं आणि सील ठोकलं. मी अंधारात. वरच्या अंगाला हवेची बारीक भोकं होती, पण तीसुद्धा लाकडाला बुरशी येऊ नये म्हणून.

मी ओरडलो, पण यार्डात क्रेनच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून तिथं सगळं काम लोखंडावर ठोके मारून चालतं. घाबरलेला माणूस दार ठोठावतो तेव्हा साधारण दोनदा ठोठावतो. मीही दोनदा ठोठावलं. आता सडकवाल्यांत दोन ठोक्यांचा अर्थ होतो, सगळं ठीक आहे, चला. ट्रक चालू झाला.

रेल्वेच्या यार्डात ट्रक थांबला तेव्हा मी पुन्हा ठोठावलं, या वेळी अधिक कळकळीनं. रेल्वेवाल्यांत दोन ठोके म्हणजे उचला. त्यांनी उचललं. कळकळ जास्त असल्यामुळे जरा झटक्यानंच उचललं. पेटी वॅगनवर बसली आणि चारी भोकं वॅगनच्या चारी खिळ्यांवर अशी अल्लद उतरली, की त्या अवस्थेतही माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर कुणीतरी शाबास म्हणालं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आता कुणी माझी हाक ऐकली तर सील तोडावं लागेल आणि सगळं मुसळ केरात जाईल. मी तोंडावर हात ठेवून खाली बसलो.

मग गोदी आली, आणि पेटी वर उचलली गेल्यावर मला दरदरून घाम फुटला. पेटीची लांबी, रुंदी, उंची, भोकं, खिळे या सगळ्याला आम्ही एकच माप लावलं होतं. ठोक्यांना लावायचं कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही. गोदीत दोन ठोके म्हणजे खाली सोडा. क्रेनवाल्याला जहाजाचा डेक दिसत नाही. डेकवर उभा असलेला मुकादम पेटी डेकच्या बरोब्बर वर आली की लोखंडावर दोन ठोके देतो आणि क्रेनवाला डोळे झाकून सोडतो. त्या घडीला माझ्याखाली डेक नव्हता. भोकाला डोळा लावून पाहिलं, तर हिरवंकाळं पाणी होतं. जीव टांगणीला लागणं आपण उगाचच कशालाही म्हणतो, दादा.

तेवढ्यात वारा आला, पेटी एका अंगाला कलली आणि जो दोर आवळायला मी आत शिरलो होतो तोच सुटला. खुर्ची घसरली आणि भिंतीवर आदळली. एक ठोका. क्रेनची घरघर एकदम खाली आली. म्हणजे क्रेनवाल्यानं पहिला ऐकला होता आणि दुसऱ्याची वाट पाहत होता. पेटी आता दुसऱ्या अंगाला कलायला लागली, खुर्ची समोरच्या भिंतीकडे निघाली, आणि मी तिच्यावर झेप घेतली. चिमी पहिल्यांदा पाळण्यातून पडता पडता मी तिला धरलं होतं, त्यानंतर एवढ्या घाईनं मी कशालाच धरलेलं नाही. खुर्ची पोटाशी आवळून मी मागच्या खुर्चीवर आपटलो. माझ्याखाली कट् असा आवाज झाला. लाकडाचा होता, लोखंडावरचा नव्हता, म्हणून कुणी ऐकला नाही. खालच्या खुर्चीचा एक पाय गेला होता. उठलो तर ती आडवी होऊन भिंतीवर वाजणार, म्हणून मी माझाच पाय चौथ्या पायाच्या जागी टेकवला आणि मांडीवर दुसरी खुर्ची घेऊन, श्वास धरून बसून राहिलो. कंबर तिथं धरली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेवटी खालून मुकादमाचे खरे दोन ठोके आले आणि पेटी डेकवर टेकली. एवढा गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

समिती डेकवर आली. सील सगळ्यांनी हात लावून पाहिलं, शाबूत होतं. तोडलं, दार उघडलं. समोर मी, एका खुर्चीवर बसलेलो, एक मांडीवर घेतलेली. मग मोठे साहेब म्हणाले, "तुम्ही कधी आत आलात?" मी म्हणालो, "माल तपासतोय, साहेब." त्यांनी सीलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सीलकडे पाहिलं. सील शाबूत होतं त्या अर्थी आत माणूस असणं शक्य नव्हतं, त्या अर्थी मी आत्ताच दार उघडल्यावर पुढे घुसलो असणार, असं त्यांनी ठरवलं आणि पुढे पुढे करण्याबद्दल मला समज दिली. पेटीत फक्त खुर्च्या होत्या, असं आता तिन्ही खात्यांच्या सह्यांनिशी ठरलेलं आहे.

वहिनींना नमस्कार. चिमीला पापा.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. मोडलेल्या पायाचं राहिलंच. रेल्वेचे साहेब म्हणाले, माल मोडला म्हणजे चाचणी नापास. बरीच हुज्जत झाली. शेवटी असं ठरलं, की ही खुर्ची मुळातच सदोष होती असा दाखला माल पाठवणाऱ्यानं, म्हणजे तुम्ही, सहीनिशी दिला तर चाचणी पास. गुरुवारी बैठक आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी. (तुम्हाला काही म्हटलेलं नाही, म्हणच तशी आहे.)

दुसरा ता. क. आजवर एकही खुर्ची परत आलेली नाही, हे वाक्य तुम्हाला किती प्रिय आहे ते मी जाणतो. तुमच्या तोंडून ते पुन्हा तसंच निघणार नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. पण दोन खोल्या मिळाल्या तर चिमी मला बाबा म्हणायला शिकेल.

तिसरा ता. क. पत्र घेऊन येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरजवळ एक लांबट पुडकं आहे. ते एकटे असताना सोडा. आत तो पाय आहे. त्याचं खाचेत बसणारं टोक नीट पाहा. लाकूड कोरडं ठणठणीत आहे, सरसाचा थेंबही लागलेला नाही. म्हणजे तुम्हाला खोटं काहीच लिहायचं नाही. हे मी समितीला दाखवलेलं नाही, आणि तुमच्या बहिणीलाही कळवलेलं नाही. ड्रायव्हर दाखल्यासाठी दाराबाहेर थांबेल. फारच वेळ लागला तर तो दोन ठोके देईल. तो सडकवाला आहे, एवढं ध्यानात असू द्या.