धाकट्याला जवळ घेते

ती. दाजी यांस,

ताई अपघातात गेली. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगता, ‘ती पट्टा लावायचीच नाही.’

‘बंध्’ या एकाच धातूतून बंधनही येतं आणि बंधूही, असं मी तिला एकदा शिकवलं होतं. तेव्हापासून ती गाडीतल्या पट्ट्याला माझ्या पाठचा भाऊ म्हणायची. ‘थांबा हो, धाकट्याला जवळ घेते,’ म्हणत तो लावल्याशिवाय तिनं तुम्हाला गाडी कधी सुरू करू दिली नाही. त्या दिवशीही नाही.

मागे बसलेल्या तुमच्या लेकीनं मला सगळं सांगितलंय. तुमच्या पापण्या मिटत होत्या. ‘जरा थांबू या का?’ ताईनं विचारलं. ‘आता घरीच,’ तुम्ही म्हणालात. मग पायाशी ठेवलेला थर्मास वाकून घेऊन तुम्हाला चहा द्यावा म्हणून तिनं पट्टा सोडला, आणि तेवढ्यात तुमचा डोळा लागला.

हे वाचून तुमची झोप उडेल. ती तेव्हाच उडाली असती तर बरं होतं. पण उद्या तुम्ही पोरीला घेऊन दिवसभर गाडी चालवणार आहात. म्हणून हे पत्र खिशातच ठेवतो.

आज नीट झोपा.

तुमचा मेहुणा,
पट्ट्याचा थोरला भाऊ