फक्कीचा वॉर्ड

प्रिय धनू,

आमच्या सिल्व्हर पार्कजवळच्या मैदानात हॉस्पिटल होणार आहे. बांधायच्या आधी समिधा नावाच्या आर्किटेक्ट मुलीने चुन्याच्या फक्कीने जमिनीवर खऱ्या मापाचा वॉर्ड आखला, मधोमध एक कॉट ठेवली आणि आम्हा सोसायटीवाल्यांना बोलावलं. मला म्हणाली, "आजी, तुम्ही पेशंट व्हा." आजी म्हटल्याबद्दल आधी तिला झापलं, मग निवांत आडवी झाले.

काय सांगू तुला! भिंती नाहीत, छप्पर नाही. वर नुसतं आभाळ, खाडीवरचा वारा, आणि बगळे वॉर्डातून आरपार चाललेत. शेजारचे चंदनभाई चपला काढून, आखलेल्या दारातूनच आत आले. "मनोरमाबेन, तबियत कैसी है?" मी म्हटलं, "एकदम बढिया." त्या क्षणी ते खरंच होतं रे. कॉट हळूहळू तरंगतेय, असं वाटत होतं.

"नर्सला बोलवायची बेल कुठल्या बाजूला हवी?" समिधाने विचारलं. सगळे म्हणाले, उजवीकडे. मी डोळे मिटूनच म्हटलं, "डावीकडे."

डोळे उघडले, तर ती माझ्या उजव्या हाताकडे पाहत होती. मग तिने कॉटच्या दोन्ही बाजूंना फक्कीने खूण केली.

तू कॅनडाहून फोनवर विचारलंस, "ताई, यंदा वाढदिवसाला तुझं पत्र कसं नाही आलं?" मी म्हटलं, कंटाळा.

हेही पाठवणार नाहीये. माझं अक्षर तू चांगलं ओळखतोस, आणि हे डाव्या हाताचं आहे.

तुझी,
ताई