सोल्डरचे दोन तुकडे

९ डिसेंबर, सोमवार

पुन्हा बोट फोडलं! विमानाच्या इंजिनाचा पंखा उलटा फिरला आणि सटकन नखावर. लग्नाआधी हेच इंजिन दोन झटक्यांत लागायचं. आता नुसतं फटफट करतं, प्लग जाळतं, बंद. रविवारी नागपूरला चाचणी — स्वतःच्या इंजिनावर छोटं विमान उडवून दाखवायचं, मग एनसीसीच्या पोरांना अशी विमानं उडवायला शिकवायची नोकरी. गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या या दोन खोल्यांतून बाहेर पडायला तेवढा एकच रस्ता आहे, आणि तो लिंबाएवढ्या इंजिनापाशी अडला!

सासूबाई — "कायले करून राहिली हे फटफट? नागपूरले जाची काही जरूरत नाही. घरचं कोन करल?" हेमेंद्र मात्र हसला. "जा ना! मी कुठं अडवून राहिलो? तुझं मशीनच नखरे करून राहिलं." निदान नवरा तरी माझ्या बाजूचा आहे.

१० डिसेंबर

सासूबाई भजनाला गेल्या तशी कडी लावली, इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उघडलं. पिस्टनच्या डोक्यावर ग्रीसनं सोल्डरच्या मऊ तारेचे दोन तुकडे चिकटवले — समोरासमोर, कारण एकच ठेवला तर पिस्टन कलतो नि माप खोटं येतं. हेड कसलं, पंखा हातानं एक फेरा फिरवला, परत उघडलं. पिस्टन पूर्ण वर आला की हेडखाली जेवढी जागा उरते, तेवढीच जाड तार राहते. चपटे तुकडे मायक्रोमीटरमध्ये धरले. दोन्ही पॉइंट पंधरा मिलिमीटर! मी पॉलिटेक्निकपासून पॉइंट पस्तीस ठेवत आले. एवढ्याशा जागेत दाब वाढून ते बिचारं उलटं मारणारच.

हेडखाली तांब्याच्या दोन पातळ रिंगा असायच्या. एकमेकींना चिकटून असतील असं समजत होते. नखानं पाहिलं — एकच. दुसरी मीच पाडली असणार कुठंतरी. धांदरट मेली!

११ डिसेंबर

घर पालथं घातलं. पलंगाखाली, मोरीत, तांदळाच्या कोठीमागं. नाही. पत्र्याच्या डब्याची रिंग कापून बसवली, तर बाजूनं हवा सुटते. हेमेंद्र म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, कोलकात्याहून मागवली मी. शनिवारपर्यंत येऊन जाईल." केवढं बरं वाटलं! त्याच्या आवडीचे वडे केले.

१३ डिसेंबर

कुरिअर नाही. मी फोन करते म्हटलं तर, "करतो ना मी." झाडू, कुकर, कपडे, परत झाडू. जीव गुदमरून राहिला.

१४ डिसेंबर, शनिवार

नाही आलं. "नेक्स्ट इयर बघू," म्हणाला आणि शीळ घालत दुकानात गेला. मी सगळा राग भांड्यांवर काढला. सासूबाई चक्क ती भांडी पुसत बसल्या.

संध्याकाळी त्यांनी पदराची गाठ सोडली. माझी रिंग! "हेमेंद्रच्या दाढीच्या डब्यात होती. तुह्या मशीनमधून त्यानंच काढली. म्या पाह्यलं."

मी रिंग मुठीत घट्ट धरली.

"तू जाऊ नये असं मले आताही वाटते," म्हणाल्या. "पर माह्यं काय ते तोंडावर. असं चोरून नाही."

१५ डिसेंबर, गोंदिया स्टेशन

रात्रीच रिंग बसवली. तार दाबून पाहिली — पॉइंट पस्तीस. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. ते पॉइंट पंधराचे चपटे तुकडे हेमेंद्रच्या दाढीच्या डब्यात ठेवून आले. परतीचं तिकीट काढलेलं नाही.