उसनं कार्ड आणि खंडेनवमीचं कुंकू

३० सप्टें., मंगळ.
कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड आलं. शेवगावात कुरियरवाल्याकडे स्वतः गेलो, रिक्षात मांडीवर धरून आणलं. यूट्यूब चॅनेल सुरू केल्यापासून कंपनीने तपासायला पाठवलेलं हे पहिलंच. अटी दोन. दहा तारखेआधी व्हिडिओ टाकायचा नाही, आणि कार्ड आलं तसं परत. स्क्रूवर सील. हाताला विटेएवढं जड. गादी अंथरली, मगच खोक्यातून काढलं.

१ ऑक्टो., खंडेनवमी
सकाळी लावून पाहिलं, चालू होतं एवढंच. टेस्ट नंतर. मग डोक्यात खूळ आलं. आई पाटावर विळा, खुरपं, वडिलांचे पाने-पक्कड मांडत होती. शेजारी कार्ड ठेवलं तर व्हिडिओला फोटो झकास. ठेवलं आणि कॅमेऱ्याची बॅटरी आणायला आत गेलो. येईस्तोवर आईची पूजा उरकलेली. हळद, अक्षता, आणि कुंकवाची चिमूट नेमकी कार्डाच्या मधल्या पंख्यावर.
ओरडलो. फार ओरडलो.
"पाटावर तूच ठिवलं ना? मला वाटलं पूजायलाच ठिवलंय."
ते आपलं नाही, परत द्यायचंय, म्हटलं.
"आपलं न्हाई म्हणून बिनपूजेचं ठिवायचं व्हय?"


२ ऑक्टो., दसरा
ब्रश, मग ब्लोअर. लाल धूळ उडाली, थोडीच. आत किती गेली ते सील तोडल्याशिवाय दिसणार नाही. वरून चकाचक. लोक सोनं द्यायला येतायत, मी खोलीत.

४, शनि.
टेस्ट. सगळ्यात जड गेमसुद्धा लोण्यासारखा चालला, कुठे अडखळला नाही. पण अर्ध्या तासात तापमान ८८, पंखे गिरणीसारखे. कंपनीच्या कागदावर ७२. कुंकू? की पत्र्याखालच्या खोलीतला ऑक्टोबर? की कार्डच तसलं? पूजेआधी अर्धा तास चालवलं असतं तर आज कळलं असतं. तेवढंच केलं नाही. गाढव आहे मी.

५, रवि.
कॉम्प्युटर माजघरात हलवला, तिथे गार असतं. तीनदा चालवलं. ८५, ८६, ८५.
घोडेगावचा सचिन, लग्नाच्या शूटिंगवाला, त्याचा फोन. "भाऊ, तुमी व्हय म्हना, एडिटिंगला हेच कार्ड मी लगेच घेतो. तुमच्या शब्दावर हाय सगळं." थांब जरा, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

८, बुध.
तापमानाचं बोलायचंच नाही, नुसता वेग दाखवायचा. कुणाला कळतंय. दुपारभर हेच घोकत होतो. तापतं म्हणावं तर कार्डावर खोटा आळ, नाही म्हणावं तर सचिन फसला.
आई जेवायला हाक मारते ती दारातूनच. खोलीत पाऊल टाकत नाही आता. हे जास्त लागलं. संध्याकाळी सांगितलं, चूक माझी, फोटोचं खूळ माझं. ती एवढंच म्हणाली, "ते लोक तुला काही बोलतील का रं?"

९, गुरु.
कंपनीच्या मॅडमना मेल. आधी 'धूळ गेली' लिहिलं, खोडून 'कुंकू' केलं. 'आईने' लिहिलं होतं, तेही खोडून 'माझ्यामुळे'. पाठवलं. मग चार वेळा उघडून वाचलं, जणू त्याने काही बदलणार आहे.

१०, शुक्र.
बाकीच्या चॅनेलवाल्यांचे व्हिडिओ आले. सगळे एसीतले. एक म्हणतो कार्ड गार, दुसरा म्हणतो जरा तापतं. दुसऱ्याचा सहा वेळा पाहिला.
मॅडमचा फोन. "व्हिडिओ थांबवा, कार्ड परत पाठवा. आम्ही उघडून बघतो." आवाजावरून काही कळलं नाही. दुपारीच कुरियर केलं.

१५, बुध.
सकाळी मॅडमचा मेसेज. कार्ड उघडलं, अकराला फोन करते.
आत कुंकू निघालं तर हे लोक मला पुन्हा काही पाठवणार नाहीत. नाही निघालं तर मला उघड सांगावं लागेल की यांचं कार्ड तापतं, आणि मग तरी कशाला पाठवतील. तरीही निघू नये असंच वाटतंय. आईसाठी.
तिला अकराचं बोललो नव्हतो. पण स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झालाय. आत आली, हात पदराला पुसत खाटेच्या कडेला टेकली.
फोन वाजतोय.
"उचल की," म्हणते.